शाकेन सप्टेंबरमध्ये संपतंय आणि आम्ही गणपतीला पुण्यात. काय करावं?

कासाईची पुणेकरीण (जुलै २०२५)

नमस्कार मंडळी. आम्ही टोकियोत निशिकासाईला राहतो. मागच्या वर्षी भारतात कायमच्या परत जाणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून त्यांची होंडा फिट घेतली. १३०० सीसी, २०१० सालची. नाव बदलणं, पोलिसांकडून पार्किंगचा दाखला, सगळं तेव्हाच रीतसर झालंय. मे महिन्यात गाडीचा टॅक्सही भरलाय. गाडी जुनी म्हणून ३९,६०० येन लावले, ते वेगळंच दुखणं.

आता मुद्दा असा की गाडीचं शाकेन, म्हणजे इथल्या सक्तीच्या सरकारी तपासणीची मुदत, १२ सप्टेंबरला संपतंय. यंदा गणपती २७ ऑगस्टला. आमच्या घरी दहा दिवसांचा असतो, आणि विसर्जन झालं की लगेच सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. म्हणजे २० ऑगस्टला निघून आम्ही परत येणार सप्टेंबरच्या शेवटी. तोवर शाकेन गेलेलं असेल. आत्ता जुलैतच करून टाकलं तर दोन महिने फुकट जातात असं नवरा म्हणतो. खरं आहे का?

डीलरकडे विचारून आले. त्यांनी हसतमुखाने १,४८,००० ची मित्सुमोरी (खर्चाचा अंदाज) हातात दिली. गाडी घेतली त्याच्या निम्म्याहून जास्त! ऑफिसमधला एक जण म्हणतो, स्वतः घेऊन जा, पन्नास-पंचावन्न हजारांत होतं. माझं जपानी परीक्षेतल्या एन-४ पातळीपर्यंतचं. दुकानात आणि शाळेत भागतं, पण सरकारी ऑफिसात घाम फुटतो. गाडी मीच चालवते, नवऱ्याचं लायसन्स अजून बदलून झालेलं नाही, त्यामुळे जायचं तर मलाच.

आणखी एक. आधीच्या मालकांनी पुढच्या दोन्ही दारांच्या काचांना काळी फिल्म लावलीय. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती आणि मागच्या काचेवर शिवमुद्रेचं स्टिकर आहे. यातलं काय चालतं? नंबरची पाटी आदाचीची आहे, म्हणजे आदाचीच्याच तपासणी ऑफिसात जावं लागेल ना?

---

चिबातला ठाणेकर

ताई, आधी तारखेचं. यजमान सांगतायत तो जुना नियम. पूर्वी शेवटच्या महिन्याभरात केलं तरच नवी मुदत जुन्या तारखेला जोडून मिळायची. १ एप्रिल २०२५ पासून ते दोन महिने केलंय, कारण मार्चमध्ये सगळा जपान एकदम शाकेनला धावतो आणि गॅरेजवाल्यांचे हाल होतात. तेव्हा तुम्ही १२ जुलैनंतर कधीही करा, पुढची तारीख १२ सप्टेंबर २०२७ हीच लागणार. एक दिवसही बुडत नाही. ऑगस्टवर ढकलू नका. ओबोन सणाची सुट्टी मध्ये येते, निम्मी गॅरेजं बंद असतात, आणि तुमच्या बॅगा भरायच्या असतील.

आदाचीलाच जायला हवं असं काही नाही. नाव किंवा पत्ता बदलायचा असेल तर आपल्या हद्दीतलं ऑफिस लागतं. चालू शाकेन पुढे वाढवायचं तर देशात कुठेही. मी नाराशिनोला जातो. तुम्हाला आदाचीचं मिनामी-हानाहाता जवळ पडेल.

आता पैशांचं. त्या १,४८,००० चा एकच आकडा म्हणून विचार करू नका, त्याचे दोन भाग पाडा. पहिला भाग सरकारचा. तुमच्या फिटचं वजन एक टनाच्या जरा वर, आणि वय १३ च्या पुढे, म्हणून वजनकर ३४,२०० (हीच गाडी १३ च्या आत असती तर २४,६०० लागले असते, जुनी गाडी ठेवल्याचा दंडच म्हणा). जिबाइसेकी (सक्तीचा विमा) २४ महिन्यांचा १७,६५०. त्यावर तपासणीची फी दोन हजारांच्या वर थोडी. झाले साधारण ५४ हजार. हे डीलरकडे जा, पेट्रोल पंपावर जा, नाहीतर स्वतः जा, येनभरही फरक पडत नाही. "आमच्याकडे शाकेन स्वस्त" या पाट्या सगळ्या उरलेल्या भागाबद्दल असतात. घासाघीस करायची ती तिथेच. त्या ९४ हजारांत काय काय धरलंय ते इथे टाका, मग बोलू.

फिल्म मात्र काढावीच लागेल. पुढची काच आणि पुढच्या दारांच्या काचा यांतून ७० टक्के उजेड आरपार जायला हवा. कारखान्यातून आलेली काच स्वतःच थोडा उजेड खाते, वर फिल्म म्हणजे बहुतेक नापासच. मागचं शाकेन झाल्यावर लावली असणार, हा उद्योग बरेच जण करतात. हेअर ड्रायरने कोपरा गरम करा, हळूहळू ओढा, राहिलेला गोंद साबणाच्या पाण्याने निघतो. शिवमुद्रा मागच्या काचेवर आहे ना? राहू द्या, मागे चालतं. पुढच्या काचेवर मात्र ठरवून दिलेल्या स्टिकरांखेरीज काही नको. गणपतीबाप्पांबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही, पण समोरचं दिसण्यात अडथळा येतो असं एखाद्याला वाटू शकतं. शिवाय तिथेच खाली बाजूच्या सीटची एअरबॅग असते, ती फुटली तर मूर्ती गोळीसारखी येईल. शाकेन असो वा नसो, मी तर ती कायमची हलवली असती.

---

कासाईची पुणेकरीण

खूप आभार! नवऱ्याला वाचून दाखवलं, गप्प बसलाय.

यादी अशी: सरकारी खर्च सगळा मिळून ५४,०००. दोन वर्षांची तपासणी ३८,०००. गाडी नेण्या-आणण्याची आणि कागदपत्रांची फी १२,०००. ब्रेक ऑइल ८,०००. इंजिन धुणे आणि खालून गंजरोधक रंग १४,०००. वायपर ५,०००. बॅटरी १७,०००.

---

चिबातला ठाणेकर

ब्रेक ऑइल ठेवा. ते हवेतली ओल शोषतं, घाटात उतरताना तापलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल रिकामं जातं. दोन वर्षांनी बदलणं योग्यच. गंजरोधक रंग निइगाता-होक्काइदोला राहत असाल किंवा दर हिवाळ्यात बर्फात जात असाल तर. तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात. कासाई ते काळजीचं ठिकाण नाही. इंजिन धुणं कशाला? वायपरचं रबर फाटलं असेल तर नुसतं रबर काही शे येनला मिळतं. बॅटरी तर तपासणीच्या यादीतच नाही. टेस्टरचा कागद दाखवा म्हणावं, खरंच उतरली असेल तर होम सेंटरमध्ये निम्म्यात मिळते.

काउंटरवर एवढं एक वाक्य म्हणा: "शाकेन नि तोओरु साइतेइगेन दे ओनेगाइ शिमासु." पास होण्यापुरतं तेवढंच करा. ते अजिबात रागावत नाहीत, नवी मित्सुमोरी छापून देतात. दुखतं आपल्यालाच, कारण समोरचा इतका वाकून बोलतो की नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं.

स्वतः न्यायचं म्हणाल तर एन-४ पुरतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं त्याहून कच्चं होतं. साइटवर दोन आठवडे आधीपासून वेळ मिळते. त्या दिवशी खिडकीत अर्ज, शाकेनचा कागद, जुना-नवा दोन्ही जिबाइसेकी, देखभालीची नोंदवही. शेजारीच कागद भरून देणारी दुकानं असतात, जिबाइसेकीही तिथेच निघतो. तपासणीच्या ओळीत लागल्यावर अधिकारी आला की "हाजिमेते देसु" (पहिल्यांदाच आलोय) म्हणायचं, मग तो बरोबर चालत राहतो. आधी बॉनेट उघडून चासी नंबर ताडतो, मग समोर उभा राहून दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, काचेवरचं पाणी. आत गेलं की सगळं डोक्यावरच्या फलकावर लिहून येतं. लोखंडी पट्टीवरून स्टिअरिंग न हलवता हळू जायचं; चाकं तिरकी ओढतात का ते ती मोजते, दर एक मीटर अंतराला ५ मिलिमीटरपर्यंत माफ. मग चाकं रोलरवर, काटा ४० वर आला की दिवा चमकवायचा, म्हणजे तुमचा मीटर खरं बोलतो का ते कळतं. ब्रेक दाब म्हटलं की जीव खाऊन दाबायचा, इथे सभ्यपणा नको. धुराची नळी आपणच उतरून सायलेन्सरमध्ये खुपसायची. शेवटी खड्ड्यावर गाडी उभी करायची, खाली माणूस हातोडीने ठोकत फिरतो आणि गाडी हलत राहते. प्रत्येक वेळी फलकावर गोल आला की पुढे, फुली आली की ते काम दुरुस्त करून परत. त्या फीमध्ये त्याच दिवशी एकूण तीनदा जाता येतं, आणि पुन्हा तेवढंच तपासतात.

पंधरा वर्षांच्या गाडीची फुली हमखास येते ती हेडलाइटला. १ सप्टेंबर १९९८ नंतर बनलेल्या गाड्यांचा लो बीम मोजतात. पूर्वी तिथे नापास झालं तर हाय बीमवर निभावून न्यायचे, ती सवलत आता बंद होत चाललीय. एका दिव्याला किमान ६,४०० कँडेला लागतात. बल्ब ठणठणीत असला तरी वरचं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडलं की प्रकाश आतच विखुरतो. तुमच्या फिटच्या दिव्यावर बोट फिरवून बघा, खरखरीत लागलं तर पिवळा थर आलाच म्हणून समजा. ऑटो पार्टच्या दुकानातून पॉलिशचं किट आणा आणि बसा घासत. टूथपेस्टचे व्हिडिओ बघू नका, दोन आठवड्यांत परत पिवळं होतं. आणि ओळीत लागण्याआधी ऑफिसच्या बाहेरच्या एखाद्या टेस्टरवाल्याकडे दिव्याचा कोन लावून घ्या. दोन-तीन हजार घेतो, पण फुली टळते.

---

मिकावातला सातारकर

ठाणेकरसाहेबांचं सगळं बरोबर, पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, टाकाटा कंपनीच्या एअरबॅगची. मे २०१८ पासून, ज्या गाड्यांची धोकादायक एअरबॅग रिकॉलमध्ये आली आणि बदलली गेली नाही, त्यांचं शाकेन सरकार वाढवतच नाही. त्या काळातल्या बऱ्याच कंपन्यांच्या गाड्या त्यात होत्या, आणि २०१० ची गाडी म्हणजे तपासायलाच हवी. कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाका, लगेच कळतं. बाकी असेल तर फुकट बदलून देतात, पण वेळ घ्यावी लागते. म्हणून हे आज रात्रीच बघा, शाकेनच्या आदल्या दिवशी नको. तसंच आधीच्या मालकाच्या वेळचं काही नसलं तरी तुमच्या नावावर पार्किंगचा दंड थकला असेल तर त्यानेही शाकेन अडतं.

दुसरी, जरा मतभेदाची. मी सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे माझा चष्मा तसला. ओळीतली तपासणी ही त्या दिवसापुरती. टायरची खाच १.६ मिलिमीटर असली की पास, महिन्याने १.५ झाली तर कोण बघतंय? ब्रेक पॅड किती उरलेत ते चाक काढल्याशिवाय दिसत नाही, आणि ओळीत चाक कोणी काढत नाही. नोंदवहीत "देखभाल नंतर करणार" लिहिलं तरी चालतं. माणसं लिहितात आणि विसरतात. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ड्राइव्ह शाफ्टवर रबराची घडीघडीची टोपी असते, बूट म्हणतात. पंधरा वर्षांत ती कडक होऊन चिरते, आतलं ग्रीस उडतं, माती जाते आणि सांधा खलास. फाटलेली असेल तर खड्ड्यातला माणूस फुली देणारच, पण नुसती चिरत आलेली असली तर सोडून देईल.

गाडीत पोरं बसतात. डीलर नको असेल तर नको, पण तुमच्या वस्तीत लहान गॅरेज असेल, बाहेर "निन्शो कोजो"ची (सरकारमान्य गॅरेजची) पिवळी किंवा हिरवी पाटी असते. तिथे बाप-लेक दोघं काम करत असतात, चाकं काढून बघतात, आणि गाडी स्वतः ओळीत नेऊन आणतात. डीलरपेक्षा पुष्कळ कमी घेतात. काय बदललं ते जुने भाग समोर ठेवून दाखवतात. स्वतः जायची हौस पुढच्या वेळी भागवा.

---

चिबातला ठाणेकर

हे मान्य. पंधरा वर्षांच्या गाडीला मीही आधी गॅरेजमध्ये चाकं उघडून घेईन, मग ओळीत जाईन. स्वतः जाणं म्हणजे तपासणी आपली आपण करणं, आणि तुम्हाला ते येत नसेल तर वाचलेले पैसे खोटे.

---

हामाकर

एक शंका कोणीतरी काढेलच म्हणून सांगतो. जाण्याआधी नाहीच जमलं तर? स्वतःच्या भाड्याच्या पार्किंगमध्ये गाडी उभी असली तर गुन्हा होत नाही. मात्र रस्त्यावर काढलीत तर ६ गुण, म्हणजे लायसन्स थेट ३० दिवस बंद, वर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड. जिबाइसेकीही त्याच सुमारास संपतो, त्याची शिक्षा आणखी जड. "गॅरेजपर्यंतच नेत होतो" हे पोलिस ऐकत नाहीत.

त्यावर उपाय कारि-नंबर, म्हणजे तात्पुरता नंबर. कुयाकुशोत (वॉर्ड ऑफिसात) जाऊन ७५० येन भरायचे, लाल तिरकी रेघ असलेल्या पाट्या मिळतात, जास्तीत जास्त पाच दिवस. पण आधी नवा जिबाइसेकी काढावा लागतो, आणि जाण्याचा रस्ता अर्जात लिहावा लागतो. आमच्या सोसायटीतल्या एकांनी हे भारतातून आल्याआल्या जेटलॅगमध्ये केलं. गॅरेजवाल्याला ट्रक घेऊन बोलावणं सोपं पडलं असतं असं नंतर म्हणाले.

गाडी मालकानेच न्यायला हवी असंही काही नाही. मित्राला किल्ली आणि कागद देऊन गेलात तरी होतं.

---

कोथरूडचे काका

वाचून गंमत वाटली. मुलगा नागोयाला असतो म्हणून इथे डोकावतो. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षं कोणी बोट लावत नाही. पीयूसी तेवढं काढायचं, तेही पंपाशेजारच्या व्हॅनमध्ये दोन मिनिटांत. पंधरा झाली की आरटीओत फिटनेस करून पाच वर्षांचं नूतनीकरण. म्हणजे ताईंची २०१० ची गाडी पुण्यात असती तर यंदा पहिल्यांदा तपासणीला निघाली असती! तिकडे तिसऱ्या वर्षी पहिली आणि मग दर दोन वर्षांनी. पैसे लागतात खरे, पण मुलाकडे आलो तेव्हा रस्त्यात धूर सोडत बंद पडलेली गाडी दिसली नाही.

---

लीड्सची माहेरवाशीण

विषय थोडा सोडून: आमच्याकडे यूकेत एमओटी, म्हणजे इथलं शाकेनच. तीन वर्षांनंतर दरवर्षी, पण फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड, आणि कोणाच्याही गाडीचा नंबर टाकून तिचा सगळा एमओटी इतिहास ऑनलाइन दिसतो, कधी कशात नापास झाली ते सुद्धा. जुनी गाडी घेताना फार उपयोगी. वजनकर, जिबाइसेकी वगैरे एकाच बिलात बघून मला धाप लागली.

---

कासाईची पुणेकरीण

मंडळी, झालं एकदाचं!

आधी त्या रात्रीच चासी नंबर टाकून बघितला. एअरबॅग रिकॉलमध्ये होती, पण आधीच्या मालकांनी बदलून घेतलेली दिसली. हुश्श. फिल्म काढली, लेकाने ड्रायर धरला आणि मी ओढली. दिवे खरखरीतच होते. पॉलिश करताना फडक्यावर चहाच्या रंगाचं पाणी आलं, तेव्हा पटलं.

सातारकर, तुमचं ऐकलं. घरापासून सायकलच्या अंतरावर पाटी असलेलं गॅरेज सापडलं. सत्तरीचे आजोबा आणि त्यांची सून. ते वाक्य मी पाठ करून गेले होते, पण मी "साइतेइगेन" म्हटल्यावर आजोबा म्हणाले, आधी वर उचलून बघू, मग ठरवू. उजव्या चाकाचा बूट चिरलेला निघाला. त्यांनी मला गाडीखाली बोलावून टॉर्चच्या उजेडात बोटाने घडी उघडून दाखवली, आत काळं ग्रीस बाहेर यायच्या बेतात. तो बदलला, ब्रेक ऑइल बदललं. ब्रेक पॅड अजून दोन वर्षं जातील म्हणाले, बॅटरीही ठीक आहे म्हणाले. तपासणी आणि नेणं-आणणं धरून बिल ९९ हजार. गंजरोधक रंगाचं मी विचारलं तर सूनबाई हसल्या.

नवीन स्टिकर पुढच्या काचेवर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात लावून दिलंय. आधीचं मधे आरशाच्या मागे होतं, ते त्यांनीच काढलं. गणपती आता आतल्या देवघरात.

शेवटचं एकच विचारते. गाडी पाच आठवडे पार्किंगमध्ये नुसती उभी राहणार. आल्यावर सुरू होईल का?

---

मिकावातला सातारकर

बिल चोख आहे, आजोबांना सोडू नका.

पाच आठवडे म्हणजे काठावर. बॅटरी नवी नाही आणि ऑगस्टचं ऊन आहे. निघायच्या दिवशी बॅटरीचं काळं टोक १० च्या पान्याने सैल करून काढून ठेवा, टोकाला फडकं गुंडाळा म्हणजे परत टेकणार नाही. टायरमध्ये हवा जरा जास्त भरून ठेवा. हँडब्रेक ओढू नका, इतके दिवस ओढून ठेवला तर मागचे ब्रेक चिकटतात. गिअर पी मध्ये आणि चाकामागे एक ठोकळा. पार्किंग सपाट आहे ना तेवढं बघा. आल्यावर टोक लावलं की घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं परत लावावी लागतील, पुढच्या काचांचं ऑटोही एकदा वर-खाली करून शिकवावं लागेल.